पोटॅशियम का टिकत नव्हतं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथसमोर उभं राहून ज्याची उमर गेली त्याचे पाय दुखणारच, असं घरात आणि कारखान्यात सगळेच म्हणत होते. पण माझे पाय दुखत नव्हते, ते उचलत नव्हते. हा फरक आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बरोबर पकडला. खाली पडलेला बोल्ट घ्यायला उकिडवं बसलो की उठताना मशिनचा बेड धरावा लागायचा. जोतिबाला गेलो तेव्हा पायऱ्या उतरताना काही वाटलं नाही, चढताना मात्र मांड्यांत जीवच राहिला नाही. रात्री लघवीला सारखं उठणंही होतं, म्हणून डॉक्टरांनी आधी साखर बघितली. उपाशीपोटी ११२ आली. थोडी वर होती, पण रात्रीची झोप मोडेल एवढी नाही. मग त्यांनी इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे रक्तातले सोडियम-पोटॅशियमसारखे क्षार, तपासायला सांगितले. संध्याकाळी रिपोर्टच्या आधी लॅबमधून फोन आला. "काका, पोटॅशियम २.७ आलंय. उद्यावर टाकू नका, आजच डॉक्टरांना दाखवा."

नॉर्मल म्हणजे लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल, अशा क्षारांचं हे माप. इतक्या बारीक फरकासाठी अ‍ॅडमिट व्हायचं हे मला पटेना. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पुढ्यात धरली आणि पेनच्या टोकानं दाखवलं. जिथं टी नावाचा उंचवटा असायला हवा तिथं जवळजवळ सपाट रेघ होती आणि तिच्यामागं एक जादा लहर, तिला यू म्हणतात. पोटॅशियम अजून उतरलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणाले. मी गपचूप बॅग भरली.

वॉर्डात मेव्हणा आला आणि आपल्याकडं सगळेच विचारतात तेच त्यानं विचारलं. "डॉक्टर, एवढा अशक्तपणा हाय, तर एक ग्लुकोजची बाटली लावा की." ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, हसले, पण त्यांनी नीट समजावलं. ग्लुकोज चढवलं की शरीर इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही रक्तातून पेशींत ढकलतं. म्हणजे ताकदीसाठी लावलेल्या बाटलीनं २.७ चं २.४ व्हायचं. म्हणून मला सलाइनमध्ये पोटॅशियम घालून दिलं आणि तेही अगदी सावकाश, तासाला १० मिलिमोलच्या आसपास. ही वस्तू शिरेत एकदम सोडली तर हृदय बंद पडू शकतं. सिस्टर दर थोड्या वेळानं थेंब मोजून जायच्या. शीर आतून भाजल्यासारखी जळजळायची. सांगितलं की त्या वेग कमी करायच्या आणि रात्र तेवढी लांबायची.

त्या रात्री पहिल्यांदा कळलं की रक्तातला आकडा हा हिशेबाचा फार छोटा भाग आहे. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्यातलं बरंचसं स्नायूंत. उरलेले २ टक्के रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात. रक्तातला आकडा एकानं खाली आला तर एकूण साठ्यातून साधारण २०० ते ४०० मिलिमोल गेलेले असतात. हॉस्पिटलात मिळणाऱ्या पोटॅशियमच्या सिरपच्या एका डोसात २० मिलिमोल. पातळी लगेच का सुधारत नाही, हे त्यावरून समजलं. त्या सिरपची चव काय सांगू? खारट, कडू आणि वर जिभेला चटका. मोठ्या ग्लासभर गार पाण्यात घालून, जेवणानंतर, श्वास रोखून घ्यायचं.

संशय पहिल्यांदा माझ्या बीपीच्या गोळीवर गेला आणि त्यात गैर काही नव्हतं. माझ्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी होती. अशा गोळ्यांनी मीठ आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. ती बंद केली. पोटॅशियम ३.६ वर आल्यावर घरी सोडलं, सिरपही पुढे थांबवलं. काही आठवड्यांनी परत तपासलं तर २.९. गोळी नाही, जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, आणि जेवण म्हणाल तर कोल्हापूरचं. मग जातं कुठं?

ते शोधायला चोवीस तासांची लघवी गोळा करायची होती. लॅबनं पाच लिटरचा पांढरा कॅन दिला. पद्धत अशी, की सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळात वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळचीसुद्धा. मधली एक जरी चुकली तर सगळं वाया. मी सोमवार धरला, कारण त्या दिवशी आमची सुट्टी, कारखाना बंद. तरी दुपारी एक गिऱ्हाईक जॉब घ्यायला घरी आलं आणि जिन्याखालचा कॅन बघून म्हणालं, "मालक, कूलंट घरी आणलंय व्हय?"

रिपोर्ट आला ६४ मिलिमोल. हा आकडा नुसता वाचला तर काहीच वाटत नाही, कारण चांगल्या जेवणाऱ्या माणसाच्या लघवीत रोज एवढं पोटॅशियम जातंच. पण रक्तात २.९ असताना ६४ जाणं हे भलतंच. पोटॅशियमचा तुटवडा पडला की निरोगी मूत्रपिंड काही दिवसांत हात आखडतं आणि दिवसाला १५ ते २० मिलिमोलच्याही खाली येतं. सोडियमसारखं अगदी शून्याजवळ नेणं त्याला जमत नाही, पण काटकसर करतं. माझी मूत्रपिंडं तिजोरी रिकामी असताना उधळत होती. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "आता हे माझ्या हातातलं नाही, हार्मोनच्या डॉक्टरांकडं जा." म्हणून राजारामपुरीत एका मॅडमकडं गेलो.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो ज्येष्ठमधाचा. काढा घेता का, घशासाठी कांड्या चघळता का, पानात असतो का? बायको म्हणाली, "सासूबाई खोकल्याला चघळतात, हे नाही." तेव्हा मॅडमनी सांगितलेलं मला फार मोलाचं वाटलं. मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉन या हार्मोनची एक जागा असते. तिथं बसून ते मीठ आत ओढायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. त्याच जागेवर कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोनही बसू शकतं, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून तिथं एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉल जवळ आलं की त्याला निकामी करतं. ज्येष्ठमध या एन्झाइमलाच अडवतं. रोज भरपूर चघळणाऱ्याचं बीपी त्यामुळं वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. घरी येऊन आईच्या डब्यातल्या कांड्या मोजल्या. तिलाही बीपी आहे.

मग मॅडमनी कागद घेतला आणि पोटॅशियम कमी पडलं की शरीर काय काय करतं ते लिहून दाखवलं. तो कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

सगळ्यात वर इन्सुलिन. जेवल्यावर ते पोटॅशियम पेशींत ढकलतं, पण तुटवडा लांबला की स्नायू इन्सुलिनचं हे पोटॅशियमबाबतचं ऐकणं कमी करतात आणि स्वतःच्या साठ्यातून रक्ताला पुरवठा होऊ देतात. शिवाय स्वादुपिंडही इन्सुलिन जरा हात राखूनच सोडतं. त्यानं रक्तातलं पोटॅशियम थोडं सावरतं, पण साखर वर सरकते. माझ्या ११२ चा काही वाटा इथला असणार, असं त्या म्हणाल्या. रात्रीच्या उठण्याचाही उलगडा झाला. पाणी राखायला सांगणारं हार्मोन मेंदूकडून येतच असतं, पण पोटॅशियम कमी असताना मूत्रपिंड त्याला दाद देत नाही, म्हणून लघवी पातळ आणि जास्त.

खरी काटकसर मूत्रपिंडात होते. पोटॅशियम उतरलंय हे मूत्रपिंडाच्या नळीचा एक भाग स्वतःच ओळखतो आणि तिथंच जास्त मीठ शोषून घेतो. त्यामुळं पुढच्या भागात, जिथं सोडियम आत घेऊन पोटॅशियम बाहेर टाकायचा व्यवहार चालतो, तिथं सोडियम कमी पोचतं आणि व्यवहार मंदावतो. पोटॅशियम वाचतं, पण मीठ अंगात राहतं आणि बीपी वाढतं. भाजी-फळं कमी आणि पापड-लोणची-फरसाण जास्त खाणाऱ्याचं बीपी दोन्हीकडून वाढतं ते असं. आमच्यासारख्या रश्शाच्या वाटीवर वाटी मागणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आणि या सगळ्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या या दोन लहान ग्रंथींच्या बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होतं. पोटॅशियम वाढलं तर ग्रंथी ते जास्त सोडते, कमी झालं तर आवळते. त्यासाठी मेंदूची चिठ्ठी लागत नाही, त्या पेशींना पोटॅशियमचा चढउतार थेट कळतो. आमच्या कोल्हापूरनं ऑइल इंजिनं बनवून नाव मिळवलं, त्यामुळं मला हे लगेच समजलं. इंजिन पळायला लागलं की त्यातला गव्हर्नर नावाचा भाग डिझेल कमी करतो. माझ्यात इंजिन पळतच होतं, म्हणजे गव्हर्नर एक तर अडकला होता, नाही तर ऐकत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बरोबर. आता अडकलाय का, एवढंच सिद्ध करायचं."

सिद्ध करायची तयारी चाचणीपेक्षा मोठी निघाली. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन ही दोन्ही एकाच वेळी मोजून त्यांचं गुणोत्तर बघतात. रेनिन मूत्रपिंडातून निघतं. अंगात मीठ-पाणी कमी पडलं की ते वाढतं आणि अल्डोस्टेरॉनला उठवतं. ग्रंथी स्वतःच्या मनानं चालत असेल तर मीठ साठतं, रेनिन दबून जातं आणि अल्डोस्टेरॉन तरीही वर राहतं. पण त्याआधी पोटॅशियम ४ च्या आसपास आणायला हवं. मला हे उलटं वाटलं. रोग पकडायचा तर रोग असताना मोजा ना! मॅडम म्हणाल्या, पोटॅशियम कमी असलं की बिघडलेली ग्रंथीसुद्धा थोडी दबते. तशात मोजलं तर अल्डोस्टेरॉन साधंच दिसेल आणि मी तुम्हाला नॉर्मल म्हणून घरी पाठवीन. शरीराची बचावाची चालच रोगाला झाकते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटलं. परत सिरप सुरू.

बीपीच्या गोळ्याही बदलल्या, कारण बऱ्याच गोळ्या या दोन आकड्यांना इकडं-तिकडं ढकलतात. वेरापॅमिल आणि प्राझोसिन यांचा त्रास कमी, म्हणून तेवढ्यावर काही आठवडे काढले. घरी मशिन आणून रोज बीपी लिहायचं. पण खरा तंटा झाला तो मिठावरून. हॉस्पिटलातून आल्यापासून बायकोनं माझा पांढरा रस्सासुद्धा अळणी केला होता. मॅडमनी सांगितलं की चाचणी होईपर्यंत मीठ नेहमीसारखं खा, कारण मीठ तोडलं की रेनिन वर येतं आणि गुणोत्तर बिघडतं. बायकोचा विश्वास बसेना. "अहो, बीपीच्या माणसाला डॉक्टर मीठ खा म्हणतात होय? तुम्हीच काहीतरी ऐकून आलाय." शेवटी मॅडमनी तिला फोनवर सांगितलं तेव्हा कुठं ताटात मीठ आलं.

रक्त द्यायच्या दिवशी सकाळी उठून दोन तासांवर हिंडायचं-फिरायचं, मग थोडा वेळ खुर्चीवर बसून रक्त द्यायचं, झोपून नाही. रंकाळ्याला एक चक्कर मारून तसाच लॅबमध्ये गेलो. दंडाला पट्टा बांधल्यावर सवयीनं मूठ वळली, तर लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "मूठ सोडा, उघडझाप करू नका." मूठ सारखी वळली की हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं आणि नमुन्यातला आकडा खोटा चढतो. इतकी वर्षं रक्त देताना मूठ आवळत आलोय, कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पट्टा सैल केला, मिनिटभर थांबल्या, मग सावकाश रक्त घेतलं. रेनिनची नळी बर्फात ठेवायची नाही हेही त्यांना पाठ होतं. थंडीत रक्तातला निष्क्रिय रेनिन जागा होतो आणि आकडा चुकतो. नमुना पुढं मुंबईला जायचा होता.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम ४.०, अल्डोस्टेरॉन २७ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि रेनिन मोजणीच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. दोन लिटर सलाइन चढवून परत अल्डोस्टेरॉन मोजायची एक पुढची चाचणी असते, पण ज्याचं पोटॅशियम आपोआप उतरतं, रेनिन सापडत नाही आणि अल्डोस्टेरॉन २० च्या वर आहे, त्याला तिची गरज नसते. आजाराचं नाव प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम. याला कॉन सिंड्रोमही म्हणतात. अल्डोस्टेरॉन १९५३ मध्ये वेगळं काढलं गेलं आणि लगेच १९५४ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉ. जेरोम कॉन यांच्यापुढं ३४ वर्षांची एक बाई आली. तिचं बीपी जास्त, स्नायू गळाठलेले, पोटॅशियम खालावलेलं. त्यांनी अंदाज बांधला की ग्रंथीतच गाठ असणार. ऑपरेशनमध्ये ती निघाली आणि बाई बरी झाली. पण आता असं दिसतं की या आजाराच्या बहुतेक लोकांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं, नुसतं बीपी जास्त. ते वर्षानुवर्षं गोळ्या वाढवत बसतात. माझे पाय गळाठले म्हणून मी सापडलो.

सीटी स्कॅनमध्ये एका बाजूला गाठ निघेल अशी मला आशा होती. काढून टाकली की विषय संपला. पण दोन्ही ग्रंथी थोड्या जाडसर निघाल्या, ठळक गाठ कुठंच नाही. कुठली बाजू जास्त सोडते हे पक्कं करायचं तर जांघेतून बारीक नळी घालून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त वेगवेगळं घ्यावं लागतं. त्याला हात सरावलेला लागतो, उजव्या बाजूची शीर इवलीशी आणि पकडायला अवघड. ऑपरेशन करायचं ठरलं तरच ती चाचणी करायची असते. मी गोळीनं भागवायचं ठरवलं. मॅडमनी दोन्ही वाटा सांगितल्या होत्या, ढकललं कुठंच नाही.

गोळी स्पायरोनोलॅक्टोन, सुरुवात २५ मिलिग्रॅमनं. ती मूत्रपिंडातली अल्डोस्टेरॉनची जागा अडवते. गंमत अशी, की या गोळीची घडण प्रोजेस्टेरॉनशी मिळतीजुळती आहे आणि प्रोजेस्टेरॉन स्वतःही ती जागा अडवू शकतं. मी म्हटलं, मॅडम, ते तर बायकांचं हार्मोन. त्या म्हणाल्या, तुमच्या अ‍ॅड्रिनलमध्येही रोज बनतं, अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल बनवायच्या वाटेवरचा तो टप्पाच आहे. वर आणखी एक गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवर दाखवलं की पोटॅशियम नसलेला आहार दिला की अ‍ॅड्रिनलमधून प्रोजेस्टेरॉन जास्त येतं. ते मूत्रपिंडातल्या एका पंपाला कामाला लावतं. तो पंप आम्ल बाहेर टाकून पोटॅशियम परत आत घेतो. प्रोजेस्टेरॉनचा मार्ग अडवला की उंदरांना पोटॅशियम नीट राखता येईना. म्हणजे तुटवड्यात ग्रंथी एका हातानं अल्डोस्टेरॉन आवळते आणि दुसऱ्या हातानं हे सोडते. गरोदरपणात अल्डोस्टेरॉन भरपूर वाढूनही आईचं पोटॅशियम टिकतं, त्यातही प्रोजेस्टेरॉनचा हात आहे असं मानतात.

ही गोळी पुरुषी हार्मोनची जागाही अडवते, त्यामुळं पुरुषांना एक त्रास होऊ शकतो, छाती दुखरी होते, कधीकधी वाढते. मॅडमनी हे बायकोसमोरच स्पष्ट सांगितलं आणि म्हणाल्या, झालं तर लाजून गोळी बंद करू नका, दुसरी आहे, एप्लेरेनोन, ती महाग आहे एवढंच. मला अजून तसं काही झालेलं नाही. तालमीतल्या जुन्या दोस्तांना यातलं काहीच सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

गोळी लागू पडायला लागली तशी सिरपची बाटली बंद झाली आणि सगळी पथ्यं उलटी फिरली. आठवड्याच्या आत परत रक्त, कारण आता पोटॅशियम वर जायची भीती. आधी केळी खा, शहाळं प्या म्हणून मागं लागलेली बायको शहाळेवाल्यापुढून मला हाताला धरून न्यायला लागली. मिठाऐवजी पोटॅशियम असलेलं "लो सोडियम" मीठ मिळतं, त्याची पुडी शेजाऱ्यांनी काळजीनं आणून दिली होती, ती मॅडमनी परत करायला लावली. साधंच मीठ, पण कमी. लोणचं जवळजवळ बंद, पापड बंद, तांबडा-पांढरा महिन्यातून कधीतरी आणि वाटी एकच. पोटॅशियम आता ४.३ असतं. बीपीची एक गोळी कमी झाली. मांड्या भरायला मात्र वेळ लागला, आकडा आधी सुधारला आणि पाय मागून आले. उपाशीपोटी साखर ९८ झाली. डोस पुरतोय का हे बघायला मॅडम अधूनमधून रेनिन मोजतात. दबलेला रेनिन वर आला म्हणजे अल्डोस्टेरॉनला नीट लगाम बसला असं समजायचं. माझा यायला लागलाय, पण अजून पुरता नाही, म्हणून डोस ५० वर नेलाय.

धाकट्या भावाला शिरोळला बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत आणि आकडा तरी उतरत नाही. घरातल्या एकाला हा आजार निघाला की बीपी असलेल्या सख्ख्या भावंडांनी गुणोत्तर तपासून घ्यावं, असं मॅडमनी चिठ्ठीवरच लिहून दिलंय. त्याला फोन केला. म्हणाला, "दादा, ऊस तोडीला आलाय, टोळी मिळालीय. कारखान्याला ऊस गेला की येतो." त्याला म्हटलं ये, पण तोवर काढ्याबिढ्यात ज्येष्ठमध घालू नको, आणि गोळ्या बदलायला आधी मॅडमना भेटावं लागेल, नुसतं रक्त देऊन चालणार नाही.